हेलियमचे वजन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय घडले हे लातूरच्या माणसाला नव्याने सांगण्याचे कारण नाही, आणि नांदेडच्या माणसालाही नाही. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. गणेशविसर्जन आटोपून निजलेली गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर जी शास्त्रज्ञमंडळी तेथे आली त्यांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसे होती. किल्लारीजवळ ज्या रेषेवर जमीन उघड उघड फुटली होती त्या रेषेवरच्या मातीतली हवा त्यांनी काढून घेतली आणि तपासली. तीत हेलियम नावाचा वायू नेहमीपेक्षा फार अधिक निघाला. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आता यातली अडचण पाहा. हेलियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो जळत नाही आणि दुसऱ्याला जळण्यास मदतही करीत नाही. सामान्य परिस्थितीत तो कोणत्याही पदार्थाशी संयोग पावत नाही. तेव्हा अमुक द्राव टाकला की निळा होतो, तमुक टाकला की साका बसतो, असली रसायनशाळेतली कोणतीही युक्ती त्याच्यापुढे चालत नाही. शिवाय साध्या हवेत त्याचे प्रमाण इतके थोडे, की हवेचे सुमारे एक लाख नव्वद हजार भाग केले तर त्यांतला एक भाग हेलियमचा. एवढ्या गर्दीत हा मुका, निर्गुण पाहुणा ओळखायचा कसा?

तो ओळखता येतो त्याच्या अणूच्या वजनावरून. हेलियमच्या अणूचे वजन आहे चार, आणि हवेतल्या दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या वायूचे वजन चार नाही. म्हणजे एकेक अणू तोलून पाहण्याची सोय झाली, की चाराच्या घरात जेवढे पडतील तेवढे हेलियमचे. ही सोय माणसाने कशी केली, आणि ती केल्यावर त्याला अपेक्षेपेक्षा केवढे मोठे घबाड सापडले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि मग शेवटी, जमिनीतून हेलियम निघतो तर भूकंप आधी का सांगत नाही, या तुमच्या मनातल्या प्रश्नाकडेही वळू.

हेलियमचा शोध आपल्या देशाशी जोडलेला आहे. त्याबद्दल चार शब्द सांगतो, कारण महाराष्ट्रात त्याविषयी एक गोड गैरसमज रुजला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. त्या वेळी झांसेन हा फ्रेंच ज्योतिर्विद आंध्रातल्या गुंटूर येथे होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश त्याने व इतरांनी लोलकातून पाहिला, तेव्हा त्यात एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी लॉक्यर या इंग्रजाने ग्रहणावाचूनच, इंग्लंडात बसून, ती रेषा पाहिली. आणि ती सोडियमची नसून पृथ्वीवर न सापडलेल्या एका मूलद्रव्याची असावी असे पुढे त्याने सुचविले. सूर्याचे ग्रीक नाव हेलिओस, म्हणून हेलियम. आपल्याकडे मात्र लॉक्यरने हा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला असे सांगतात आणि १८ ऑगस्टला तेथे समारंभही होतो. लॉक्यर विजयदुर्गाला आला होता हे खरे. पण तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. शोधानंतर तीस वर्षांनी. किल्ल्याला त्यामुळे काही उणेपणा येतो असे मला वाटत नाही. तिथीची गल्लत मात्र दुरुस्त करावी.

पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली. रॅमझे याने युरेनियमचे एक खनिज तापवले, त्यातून निघालेल्या वायूत तीच सूर्यातली पिवळी रेषा दिसली. युरेनियमच्या पोटात हा सूर्यातला वायू काय करीत होता, हे तेव्हा कोणालाच कळले नाही. ही खूणगाठ मारून ठेवा. किल्लारीला परतताना तिचा उपयोग होईल.

आता तोलण्याकडे वळू. सराफाच्या काट्यावर पूर्वी गुंजा टाकीत. एक गुंज म्हणजे ग्रॅमचा साधारण आठवा भाग. एका गुंजेच्या वजनाइतका हेलियम भरायचा तर त्यात किती अणू लागतील? अठरावर एकवीस शून्ये मांडा, जवळपास तितके. अशा अणूतला एकच अणू काट्याच्या पारड्यात टाकून काटा हलेल, ही आशा सोडून दिलेली बरी. पृथ्वी त्या अणूला खाली ओढते ती ओढ इतकी क्षुद्र आहे, की पारड्यावर आदळणाऱ्या हवेच्या एका कणाचा धक्काही तिच्यापुढे राक्षसी ठरेल. म्हणून येथे ‘वजन’ हा शब्द मी बाजारातल्या सवयीने वापरतो आहे हे ध्यानात असू द्या. शास्त्रात शब्द आहे वस्तुमान. रिकामी हातगाडी आणि डाळीच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी सारख्याच जोराने ढकलली, तर भरलेली कमी हलते. वळणावर ती वळवायलाही जड जाते. हलायला आणि वळायला नाखूष असण्याचा हा जो गुण, तो म्हणजे वस्तुमान. त्यासाठी पृथ्वीची ओढ लागत नाही आणि काटाही लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अणूंची वजने काढली होती, परंतु ती केवळ एकमेकांच्या तुलनेने, आणि कोट्यवधी अणूंची सरासरी म्हणून. अमुक वजनाच्या हायड्रोजनशी अमुक वजनाचा प्राणवायू संयोग पावतो, तेव्हा प्राणवायूचा अणू हायड्रोजनच्या सुमारे सोळापट, अशी ती रीत. जे हेलियमसारखे कोणाशी संयोगच पावत नाहीत त्यांची घनता मोजून अंदाज बांधावा लागे. ही आडत्याची रीत झाली. शंभर पोती तोलली, शंभराने भागले. त्यात एखाद्या पोत्यात भेसळ असली तर कळण्याचा मार्ग नाही.

एकेक दाणा वेगळा करण्याची रीत आपल्या शेतकऱ्याला मात्र माहीत आहे. खळ्यावर तूर किंवा ज्वारी उपणताना काय करतात? उंचावर उभे राहून सूप हळूहळू रिकामे करतात. वारा वाहत असतो. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट थोडा दूर, आणि भूस उडून पार पलीकडे. वारा सगळ्यांना सारखाच लागला, पण ज्याने त्याने आपापल्या जडपणाप्रमाणे जागा धरली. अणू उपणण्याचे यंत्र याच धर्तीवर चालते. फरक इतकाच, की वाऱ्याचे काम तेथे चुंबक करतो, आणि हवा तर मुळीच चालत नाही.

यंत्राची रचना सांगतो. पितळेची किंवा पोलादाची एक नळी घ्या आणि तिच्यातली हवा पंपाने उपसून जवळजवळ संपूर्ण काढून टाका, म्हणजे अणूला वाटेत कोणी आडवा येणार नाही. एका टोकाशी तपासायचा वायू अगदी थेंबाथेंबाने आत सोडा. तापलेल्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मारा त्याच्यावर होतो आणि त्या माऱ्यात अणूचा एखादा स्वतःचा इलेक्ट्रॉन गळून पडतो. एक ऋणभार गेला, तेव्हा उरलेल्या अणूवर एक धनभार आला. आता या अणूला विजेचे वेसण बसले. पुढे विजेच्या दाबाने सगळ्यांना सारखाच रेटा द्या, आणि त्यांचा झोत चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून जाऊ द्या. विद्युद्भारित वस्तू चुंबकाजवळून धावू लागली, की तिची वाट वाकते. हलका अणू लवकर वळतो, जड अणू मोठा वळसा घेतो. चार वजनाचे अणू एका ठिकाणी पोचतील, नत्रवायूची अठ्ठावीस वजनाची जोडी दुसऱ्या ठिकाणी, बत्तीस वजनाची प्राणवायूची जोडी तिसऱ्या. चाराच्या जागी एक बारीक फट ठेवा आणि तिच्यामागे विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजणारे साधन. प्रवाह जितका अधिक, हेलियम तितका अधिक.

या यंत्राला मराठीत वस्तुमान-वर्णपटमापक असे जडजंबाळ नाव आहे. मी त्याला उपणणी यंत्रच म्हणेन. शीतकपाटाच्या कारखान्यात किंवा अवकाशयानाच्या टाकीत कोठे सुईच्या टोकाइतकी गळती आहे काय, हे शोधण्यासाठी आज जे हेलियमचे गळतीशोधक वापरतात, ते हेच. फक्त त्यांची फट कायमची चारावर बांधून टाकलेली असते. मुंबईजवळ तुर्भे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, अशी वेगवेगळ्या कामांची उपणणी यंत्रे देशातच बांधली गेली आहेत.

हे यंत्र एका दिवसात झाले नाही. १८९७ साली केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन याने काचेच्या नळीतले कॅथोड किरण चुंबकाने आणि विजेने वाकवून पाहिले आणि ते किरण नसून कण आहेत असे ठरवले. वाकण्यावरून त्याला विद्युद्भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर मिळाले, वेगवेगळे नाही. सावकाराने मुद्दल व व्याज मिळून किती ते सांगावे आणि वेगळे सांगू नये, तशी ही अवस्था होती. ती कोंडी अमेरिकेत मिलिकन याने १९०९ पासून पुढच्या काही वर्षांत फोडली. तेलाचे अतिसूक्ष्म तुषार दोन धातुपत्र्यांमध्ये विजेच्या जोरावर अधांतरी धरून, एका तुषारावर किती भार आहे हे त्याने मोजले. भार नेहमी एका ठराविक लहान रकमेच्या पटीतच येई. ती रक्कम म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा भार. भार कळला, गुणोत्तर आधीच ठाऊक होते, वस्तुमान हाती आले. इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका निघाला.

टॉमसनने पुढे धनभारित अणूही वाकवले, आणि १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायूत त्याला वीस वजनाच्या अणूंच्या रेघेशेजारी बावीसची एक फिकट रेघ दिसली. त्याचा साहाय्यक ॲस्टन याने महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, अधिक नेटके यंत्र बांधले आणि वाद मिटवला. एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या वजनांचे असू शकतात; रासायनिक वागणूक एक, वजन वेगळे. हीच समस्थानिके. आडत्याच्या सरासरीत जी भेसळ लपली होती ती उपणल्यावर अशी बाहेर पडली. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲस्टनला मिळाले.

ज्या कणावर भारच नाही त्याचे काय, असा प्रश्न कोणी चाणाक्ष श्रोता विचारील. न्यूट्रॉन तसा आहे. चुंबकाला तो दाद देत नाही, विजेला देत नाही. चॅडविक याने १९३२ साली त्याचा शोध लावला. आणि त्याचे नेमके वस्तुमान काढण्यासाठी १९३४ साली त्याने व गोल्डहाबर याने जमाखर्चाची युक्ती लढवली. जड हायड्रोजनच्या केंद्रात एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन बांधलेले असतात. या जोडीचे वजन उपणणी यंत्रावर कळते, एकट्या प्रोटॉनचेही कळते. गॅमा किरणांनी ती जोडी फोडायला किती ऊर्जा खर्च होते ते मोजले, की तिसरी रक्कम वजाबाकीने निघते. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा केसभर जड आहे, हजारात सुमारे १.४ भाग, हे त्यातून कळले.

आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत तर असे कण येतात की जे सेकंदाचा दहा लाखावा-पाच लाखावा भागच जगतात. त्यांना यंत्रात घालणार केव्हा? यासाठी छायाचित्रणाच्या काचा उपयोगी पडल्या. कण काचेवरच्या लेपातून गेला की मागे काळ्या ठिपक्यांची वाट उरते. कण मंदावत जातो तशी ती दाट होते आणि ठेचकाळत वाकडीतिकडी होत जाते. किती लांब गेला आणि किती ठेचकाळला यांवरून जडपणाचा अंदाज येतो. कलकत्त्याचे देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी १९४० च्या आगेमागे दार्जिलिंगच्या डोंगरांत अशा काचा महिनोन् महिने ठेवल्या, आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट जड असे कण त्यांवर ओळखले. त्यांच्या काचा साध्या होत्या. चांगल्या लेपाच्या काचा हाती आल्यावर इंग्लंडात पॉवेल याने तेच काम पुढे नेले आणि १९५० चे नोबेल पारितोषिक मिळवले. बिभाबाई १९४९ मध्ये भाभांच्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. त्याच संस्थेचे हैदराबादेत एक केंद्र आहे. तेथून प्रचंड फुग्यांना टांगून उपकरणे वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवतात. लातूरशेजारच्या बिदर जिल्ह्यात, जलसंगी गावी, २०२५ च्या जानेवारीत असाच एक फुगा उतरला आणि गाव गोळा झाले. त्या फुग्यांत हायड्रोजन भरतात.  आपल्या जत्रांतल्या फुग्यांतही पुष्कळदा स्वस्त हायड्रोजन असतो आणि त्याची टाकी फुटून माणसे मरतात, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्या घबाडाकडे येऊ. १९२० च्या सुमारास ॲस्टनने हेलियम आणि हायड्रोजन काळजीपूर्वक उपणले. प्राणवायूचे वजन बरोबर सोळा धरले, तर हेलियम चार आला, आणि हायड्रोजन एक यायला हवा होता तो आला १.००८. सामान्य माणूस म्हणेल, हजारात आठाचा फरक, सोडून द्या; लातूरच्या बाजारात एवढी तूट-फूट पोत्यामागे चालायचीच. परंतु ॲस्टनचे यंत्र हजारात एकाचा फरक दाखवणारे होते. ही तूट खरी होती. आणि चार हायड्रोजनांपासून एक हेलियम घडत असेल, अशी कल्पना तेव्हा बोलली जाऊ लागली होती. आजचे आकडे अधिक बारीक आहेत, आणि १९६१ पासून मोजमापाचा पाया कार्बन बारा हा धरला जातो. त्या मापाने हायड्रोजनचा अणू १.००७८२५. त्याची चौपट ४.०३१३००. आणि हेलियमचा अणू ४.००२६०३. वजाबाकी करा: ०.०२८६९७. चार हायड्रोजन पारड्यात घातले आणि हेलियम होऊन बाहेर आले, तर वाटेत हजारातले सात भाग नाहीसे होतात.

कोठे जातात? आइन्स्टाइनने १९०५ साली सांगून ठेवले होते, की वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच धनाची दोन नाणी आहेत, आणि त्यांचा विनिमयाचा दर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. तो दर इतका मोठा आहे, की एक ग्रॅम हायड्रोजनचा हेलियम झाला तर जी ऊर्जा सुटेल ती विजेच्या हिशेबात पावणेदोन लाख युनिटांहून अधिक भरेल. १९२० च्या ऑगस्टमध्ये कार्डिफ येथील परिषदेत एडिंग्टन हा ज्योतिर्विद उभा राहिला आणि ॲस्टनच्या या तुटीकडे बोट दाखवून म्हणाला, की सूर्य ज्याच्यावर जळतो ते जळण हेच असले पाहिजे. तोवर विद्वानांपुढे मोठा पेच होता. सूर्य आकुंचन पावतो आणि त्याची उष्णता होते, असे धरले तर सूर्याचे आयुष्य दोन-चार कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. आणि खडकांचा अभ्यास करणारे म्हणत होते, की पृथ्वीच त्याच्या कितीतरीपट जुनी आहे. हेलियमच्या वजनातल्या तुटीने सूर्याला अब्जावधी वर्षांची शिदोरी मिळवून दिली. ही क्रिया सूर्यात प्रत्यक्ष कोणत्या पायऱ्यांनी होते हे बेथे याने १९३९ मध्ये मांडले.

चैत्र-वैशाखात नांदेडची दुपार जी अंगाची लाही करते ती या हजारातल्या सात भागांची करामत. सूर्य दर सेकंदाला सुमारे बेचाळीस लाख टनांनी हलका होत आहे. तो आकडा ऐकून घाबरू नका. त्याच्याजवळ पुष्कळ आहे.

आणि हे मापन आता कोठवर पोचले आहे? चुंबकाच्या क्षेत्रात एकच भारित अणू कोंडून ठेवतात आणि तो सेकंदाला किती फेऱ्या घालतो ते मोजतात. जड अणू सावकाश फिरतो, हलका भरभर. फेऱ्या मोजणे हे माणसाला उत्तम साधते. त्यामुळे अणूंच्या वजनांची तुलना दहा-अकरा आकड्यांपर्यंत बिनचूक होऊ लागली आहे.

आता पुन्हा आपल्या पायाखालच्या जमिनीकडे. रॅमझेच्या युरेनियमात हेलियम कोठून आला, याचे उत्तर रदरफोर्ड आणि रॉयड्स यांनी १९०९ साली दिले. युरेनियम व थोरियम स्वतःहून जे अल्फा कण फेकतात ते म्हणजे हेलियमचे केंद्रच, हे त्यांनी काचेच्या अतिपातळ भिंतीतून पार गेलेले ते कण साठवून आणि त्यांची पिवळी रेषा दाखवून सिद्ध केले. हिशेब तोंडी करता येतो. युरेनियमचे वजन २३८. तो झिजत झिजत शेवटी २०६ वजनाचे शिसे होतो. फरक बत्तिसाचा. बत्तीस म्हणजे आठ वेळा चार. तेव्हा प्रत्येक अणूमागे आठ हेलियम बाहेर पडले. मधल्या पायऱ्यांत काही इलेक्ट्रॉनही सुटतात, पण त्यांचे वजन या हिशेबात धरण्याजोगे नाही. एका ग्रॅम युरेनियमातून वर्षभरात निघणारा हेलियम घन सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाइतका असतो. फार थोडा, परंतु खडकाला घाई नसते.

किल्लारीचा भूकंप झाल्यावर तेथे ६१७ मीटर खोल विंधन घेण्यात आले. वरचे ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण, दक्खनचा बेसाल्ट. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. आणि तेही उपणणी यंत्रावर, खडकात अडकलेले आर्गनचे अणू तोलूनच ठरवले आहे. त्याखाली थोडासा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटी जातीचा खडक, सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. युरेनियम-थोरियम त्या ग्रॅनाइटी खडकात बेसाल्टपेक्षा अधिक असतात. म्हणजे वर काळ्या दगडाचे झाकण आणि खाली अब्जावधी वर्षे मंदपणे हेलियम साठवणारे भांडे. भूकंपाने झाकणाला चीर पडली. हेलियमचा अणू लहान आणि कोणाशी न गुंतणारा. बारीक भेगेतूनही तो वाट काढतो. जमीन फुटल्याच्या रेषेवर तो मातीच्या हवेत चढलेला सापडला, याचा सरळ अर्थ हा, की वर दिसणारी फूट ही नुसती मातीची भेगाळ नसून खोल गेलेल्या चिरेचे तोंड होते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच; कोणती भेग उन्हाची आणि कोणती पाताळाची, हे चार वजनाच्या अणूने सांगितले.

मग भूकंप आधी का सांगता येत नाही? नांदेडकरांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरात कित्येक महिने बारीक धक्के बसले आणि जमिनीतून गडगडाट ऐकू आला. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ प्रतीचे धक्के बसले, तेव्हाही माणसे रस्त्यावर आली. अशा वेळी हेलियमचे नाव घेऊन भाकिते सांगणारे पुढे येतात. त्यांना इतकेच विचारावे: किल्लारीचा हेलियम मोजला तो भूकंपानंतर. आधीच्या दिवसांत तेथे तो किती होता, हे मोजणारे कोणी तेथे नव्हते. तेव्हा तो आधी वाढला होता असे म्हणायला आधार नाही, आणि वाढला नव्हता असे म्हणायलाही नाही. बंगालमध्ये बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतला हेलियम भारतीय शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजला आहे. काही भूकंपांच्या आधी त्यात चढउतार दिसल्याचे वृत्त आहे. परंतु चढउतार पावसाने होतात, हवेच्या दाबाने होतात, भूजल खाली गेल्याने होतात. दहा वेळा चढला आणि त्यांतून एकदा धक्का बसला, तर उरलेल्या नऊ वेळा गाव घराबाहेर काढायचे काय? जगात कोठेही आजवर हेलियमच्या मापावरून तिथी-वार सांगून भूकंप वर्तवता आलेला नाही. अणूचे वजन अकरा आकड्यांपर्यंत सांगणारे शास्त्र या प्रश्नापुढे गप्प आहे, आणि जो गप्प नाही त्याच्यापासून सावध असावे. किल्लारीला माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी. त्यांना बांधणारी आडवी पट्टी मध्ये असती तर पुष्कळ वाचली असती, हे मात्र त्या ढिगाऱ्यांवरून स्वच्छ कळले. त्यासाठी अणू तोलावा लागत नाही.

एक गोष्ट राहिली. पृथ्वीच्या पोटात साडेचार अब्ज वर्षे हेलियम तयार होत आहे आणि थोडा थोडा वर येत आहे. मग हवेत तो एवढाच का? खडकातून तसाच सुटणारा आर्गन हवेत शंभरात जवळजवळ एक भाग साठला आहे. उत्तर पुन्हा वजनातच आहे. आर्गनचा अणू चाळीस वजनाचा, हेलियमचा चार. सारख्याच उष्णतेत हलका अणू अधिक वेगाने धावतो, आणि वातावरणाच्या अगदी वरच्या तापलेल्या थरात काही हेलियमच्या अणूंना इतका वेग येतो, की पृथ्वीची ओढ त्यांना परत आणू शकत नाही. ते अंतराळात निघून जातात. जड आर्गन येथेच राहतो. मात्र हे निसटणे लाखो वर्षांच्या हिशेबात चालते. किल्लारीच्या चिरेतून १९९३ साली वर आलेला हेलियम बहुतेक सगळा अजून आपल्याच हवेत आहे.